गव्याने वळून पाहिले नाही

फार फार पूर्वी, नदीकाठच्या एका राज्यात, राणीने मुलांसाठी ग्रंथालय बांधले. एका वर्षी तिथे निबंधाची स्पर्धा ठरली. प्राण्यांची एखादी गोष्ट घ्यायची आणि तिच्यापासून काय शिकलो ते लिहायचे. पहिला येणाऱ्याने भर सभेत निबंध वाचायचा आणि राणीच्या हातून चित्रांची पोथी घ्यायची. सभेला जो हजर नसेल, त्याचा मान दुसऱ्याला.

शेवंता ही विणकराची मुलगी. तिने गव्याची गोष्ट निवडली. दलदलीत रुतलेल्या गव्याला कासवांनी चिखल उकरून बाहेर काढले, ती गोष्ट. बाकीच्या मुलांनी लिहिले, 'लहानांनाही कमी लेखू नये.' शेवंताने मात्र लिहिले, 'गवा सुटला आणि रानात पळाला. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. मला कासवांचे वाईट वाटले.'

निबंध वाचून म्हातारे ग्रंथपाल खूश झाले. "पोरी, तुझाच पहिला नंबर! उद्या सकाळी सभेत वाचायचा. अक्षरही सुरेख आहे हो. कुणी शिकवलं?"

"साळूमावशींनी. आमच्या शेजारी राहायच्या. अंगणातल्या धुळीत बोट धरून गिरवून घ्यायच्या."

"वा! कशा आहेत त्या आता?"

शेवंताला ते ठाऊकच नव्हते. मावशींची नजर अधू झाली, तशा त्या पैलतीरी बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. त्यानंतर शेवंता त्यांना एकदाही भेटली नव्हती. गव्याला नावे ठेवताना तिला हे आठवलेही नव्हते. तिचा चेहरा शरमेने लाल झाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती नावेत बसली. मावशींना घेऊन सभेच्या वेळेला परतायचे, असे तिने ठरवले होते.

मावशी ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. शेवंताने पायांना हात लावला.

"कोण गं?"

"मी शेवंता. मावशी, तुम्ही अक्षरं शिकवलीत म्हणून मी निबंधाच्या स्पर्धेत पहिली आले. चला, सभेत माझा निबंध ऐकायला चला. वेळेवर पोहोचलो तरच बक्षीस मिळेल."

मावशींनी तिचा चेहरा चाचपला. त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटलं, माझं शिकवणं त्या धुळीबरोबरच उडून गेलं."

दोघी काठावर आल्या, तोवर वारा भणाणू लागला होता. नावाडी म्हणाला, "वारा पडल्याशिवाय नाव सोडणार नाही."

"अगं, तुझं बक्षीस जाईल!" मावशी कळवळल्या.

"जाऊ दे, मावशी," शेवंता म्हणाली. मावशींचा हात तिने सोडला नाही. तिथेच काठावर बसून तिने सगळा निबंध त्यांना वाचून दाखवला.

वारा पडल्यावर दोघी पोहोचल्या तेव्हा सभा उठली होती. पोथी दुसऱ्या मुलाला मिळाली होती. नियम तो नियम, राणीने तो मोडला नाही. पण उशिराचे कारण ऐकून तिने साळूमावशींना नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, आमच्या ग्रंथालयात पोथ्या पुष्कळ आहेत, पण पहिलं अक्षर गिरवून घेणारं कुणी नाही. तुम्ही याल?"

मावशी आल्या. अधू डोळ्यांनीही त्यांच्या बोटांना वळण नेमके ठाऊक होते. ज्यांना वाचता येत नव्हते अशी कितीतरी मुले त्यांच्यापाशी बसून वाचू लागली.

तात्पर्य : उपकार नुसते मनात ठेवू नयेत, करणाऱ्यापाशी जाऊन बोलून दाखवावेत.