तहानलेली खडी

अवजारं माणसांना तोंडावर बोलत, तेव्हाची गोष्ट. शाळेच्या आवारात भिंतीचं आणि पायवाटेचं काम चाललं होतं, आणि तिथला मिक्सर पार वैतागला होता. जुन्या शाळेचं पाडलेलं काँक्रीट फोडून केलेली खडी पोटात पडली, की कालवलेला माल लगेच घट्ट व्हायचा. सकाळपासून तीन घाणे वाया गेले होते.

"सगळं पाणी ही भवानीच ढोसते!" तो करवादला.

"अरे बाबा, माझ्या अंगाला जुनं सिमेंट चिकटलंय, ते पाणी पितं," जुनी खडी म्हणाली. "आधी भिजवा, निथळू द्या, मग घ्या. किती वेळा सांगू?"

"तुझे लाड करायला वेळ कुणाला आहे? इरण्णा, फेक हिला!"

इरण्णा गवंडी हौदात विटा बुडवत होता. "थांब रे. विटा कोरड्या लावल्या तर मालातलं पाणी ओढून घेतात."

मिक्सर गरगरायचा थांबला. इरण्णाचाही हात हौदातच राहिला. मग त्याने खडीवर पाण्याच्या बादल्या ओतल्या.

खडी निथळल्यावर घातलेला चौथा घाणा झकास जमला.

"विटेला पाणी दिलं की ती कामाची रीत," खडी पुटपुटली, "आणि मी मागितलं की लाड!"