गव्याचे राहून गेलेले वाक्य

ज्याच्या वेशीवर ‘राष्ट्रीय उद्यान’ अशी मोठी हिरवी पाटी होती, अशा एका जंगलात एक ससा राहत असे. पाटी त्याला वाचता येत नव्हती. पण पाटीमागचे गवताचे कुरण आपलेच आहे, अशी त्याची ठाम समजूत होती. सशीण पोटुशी होती. आज ना उद्या पिल्ले होतील, ती या उंच गवतात लपून सुखाने वाढतील, एवढीच त्याची येत्या वर्षाची योजना होती.

माणसांचीही योजना होती, बालमित्रांनो. दर नव्या वर्षी विश्रामगृहासमोरच्या आंब्याखाली वनरक्षकांची बैठक भरे आणि आंब्यावर वानर बसे. त्याचे निम्मे लक्ष बैठकीत, निम्मे खालच्या बिस्किटांच्या पुड्यात. बैठक उठली की तो रानभर बातमी देई, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला असल्यामुळे अगदी ठासून देई. यंदा त्याने सांगितले, “गवत वाढवायचं, चितळं वाढवायची आणि वाघही वाढवायचे.” चितळे गवताचे ऐकून आनंदली आणि वाघाचे ऐकून गप्प झाली. ससा तर पार बुचकळ्यात पडला. गवत चितळे खाणार, चितळांना वाघ खाणार. मग शेवटी वाढणार कोण? बैठकीत आगीबद्दलही काहीतरी चालले होते, असे वानराला अंधुक आठवत होते. पण नेमका तेव्हाच पुडा फुटला होता.

थोड्याच दिवसांत वनरक्षक कुरणाच्या कडेला आले. त्यांनी तिथले वाळलेले गवत कापले, ओळीने पेटवले, हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवले आणि राख झाडून ते पुढे गेले. एकीकडे सागाचे रान, दुसरीकडे कुरण आणि मधे बैलगाडीच्या वाटेएवढा रुंद काळा पट्टा. गवत वाढवायला निघालेली माणसे गवतच जाळत सुटली, याला काय म्हणावे? आज कड गेली, उद्या घर जाईल, या भीतीने सशाला अन्न गोड लागेना. तो वानराकडे गेला. मोठ्यांच्या योजनेत असे चालायचेच, असे वानराने सांगितले. मोराला विचारले, तर हा पट्टा आपल्याला नाचण्यासाठी केला असावा, असे त्याचे मत पडले. सशाच्या डोक्यात जो गोंधळ होता, तो दुप्पट झाला.

सशीण म्हणाली, की म्हाताऱ्या गव्याने लहानपणी मोठा वणवा पाहिला आहे, त्याला विचारा. ससा पाणवठ्यावर गेला.

“आजोबा, गवत वाढवायचं म्हणतात आणि गवतच जाळतात. हे कसं?”

“थोडं जाळतात,” गवा सावकाश म्हणाला, “कारण...” एवढ्यात त्याच्या तोंडात रवंथाचा घास आला. रवंथ करताना बोलायचे नाही, अशी त्याच्या घराण्याची रीत होती. ससा थांबला. गव्याचा जबडा इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला, पुन्हा इकडून तिकडे गेला. सशाचे पाय शिवशिवू लागले. यालाही बहुधा ठाऊक नसावे, असे स्वतःशीच ठरवून तो चालू लागला. गव्याने ‘थांब’ म्हणून शिंगे हलवली, ती त्याने पाहिलीच नाहीत.

आता माणसांची चूक आपणच दुरुस्त करावी, असे त्याच्या मनाने घेतले. रानकोंबड्या उकरू लागल्या की पाचोळा मागे उडतो, हे त्याने हेरले होते. त्याने त्यांना वाळवीचे आमिष दाखवले आणि सागाच्या कडेला, पट्ट्याकडे पाठ करून उभे केले. कोंबड्यांनी मन लावून उकरले. दमून त्या परतल्या, तेव्हा सशाच्या घरासमोरचा पट्टा सागाच्या वाळक्या पानांखाली दिसेनासा झाला होता. वनरक्षक तेव्हा जंगलाच्या दुसऱ्या टोकाला होते. सशाला फार बरे वाटले. त्याच आठवड्यात पिल्ले झाली.

मग मोह फुलला. फुले नीट वेचता यावीत म्हणून हद्दीबाहेर कुणीतरी मोहाखालचा पाचोळा पेटवला आणि तो विझवायचा राहिला. वाऱ्याने आग सागाच्या रानात आणली. आग पट्ट्यापाशी आली, काही सापडेना तशी जागोजागी बसू लागली. सशाच्या दारासमोर मात्र तिला पायघड्या अंथरलेल्या होत्या. तिथून ती थेट कुरणात शिरली.

सशिणीने पिल्लांना तोंडात धरून, ढकलून, जमेल तसे पट्ट्याच्या उघड्या भागावर आणले, कारण जळण्यासारखे काही नाही अशी तेवढीच जागा उरली होती. धुरात तिथे गवाही उभा होता. वनरक्षक धावत आले, त्यांनी फांद्यांनी आग झोडपली. निम्मे कुरण वाचले, सशाचे घर गेले, धाकट्या पिल्लाचा कान होरपळला.

“पट्टा तर झाडून घेतला होता,” एक वनरक्षक घाम पुसत म्हणाला. “मग एवढ्याच जागी पाचोळा आला कुठून?” कुणालाच काही कळेना. ज्याला कळत होते, त्याने कान पाडले. आपल्या पिल्लाचा कान आपणच भाजला, या विचाराने त्याला रडू कोसळले.

“आजोबा,” तो कसाबसा म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात?”

गव्याने तोंडातला घास आधी पुरा गिळला. “कारण मोठी आग आली, तर तिला तिथं खायला काही मिळू नये,” तो म्हणाला. “एवढंच राहिलं होतं.”

तात्पर्य : जे आपल्याला कळले नाही, ते चुकलेच आहे असे समजून दुरुस्त करायला धावू नये, सांगणाऱ्याचा घास संपेपर्यंत थांबावे.