सगळ्यांच्या आधी पोचलेला खांब

“गाड्यांची शर्यत होणार! विजेता ठरलाच पाहिजे, पण एकही गाडा मागं राहता कामा नये!”

वेळूगडच्या मानाजी महाराजांनी मांडीवर थाप मारली आणि सगळा दरबार खाली मान घालून आपापल्या पायांचे अंगठे बघत बसला.

महाराजांचंही खरं होतं म्हणा. दरसाल पाच सरदार आपल्या हातानं वीतभर लांबीचे लाकडी गाडे जुळवायचे आणि दोरीनं ओढत पळवायचे. सगळी गंमत! पण गेल्या साली सरदार तुरेकरांचा गाडा पहिला आला, सरदार ढालपाटलांचा दुसरा, आणि तेव्हापासून अकरा महिने दोघांचं बोलणं बंद. शेजारी शेजारी बसायचे, पण “जरा सरका” एवढं सांगायलाही ढालपाटील खलिता धाडायचे!

त्यात भरडला गेला गाड्यांची चाकं करून देणारा रखमाजी सुतार. “चाकांतच खोट होती,” असं ढालपाटलांनी सांगितलं आणि महाराजांनी रखमाजीची हत्यारांची थैली जप्त करून टाकली. आजाच्या हातची हत्यारं ती! थैली गेल्यापासून रखमाजी अंगणात बसून रिकामाच हात हवेत पुढंमागं करायचा, रंधा मारल्यासारखा. ते बघवेना म्हणून त्याची लेक आवडी आज थैली मागायला दरबारात आली होती.

“थैली हवी?” महाराज म्हणाले. “मग शर्यत तू भरव. गाडे जुळवणं आणि पळवणं, दोन्ही एका घटकेत! विजेता एक, मागं कोणी नाही, आणि रुसून कोणी घरी जायचं नाही. जमलं नाही तर तुझ्या बापानं जन्मभर दरबारासाठी दातकोरणी करायची!”

आवडीनं दरबारातली तोंडं मोजली. बोळकी वगळली, तरी आबांचं आयुष्य पुरलं नसतं.

“भरवते, महाराज. पण आमच्या गावच्या खळ्यावर. आणि थैली तेवढ्या वेळापुरती माझ्या हातात द्या.”

“दिली!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव खळ्याभोवती जमला. पाण्यानं भरलेल्या घंगाळात भोकाची वाटी तरंगत ठेवली. ती बुडली की घटका संपली. आवडीनं प्रत्येक सरदाराला एक फळकूट, चार चाकं आणि ती ओवायला दोन कणे दिले. मग थैली उघडली. एकाला करवत, एकाला रंधा, एकाला भोकं पाडायचा सामता. तुरेकरांना हातोडी. ढालपाटलांना फक्त खिळे.

“अगं, नुसत्या खिळ्यांचं मी काय करू?” ढालपाटील ओरडले.

“शेजाऱ्याकडं हातोडी मागा, सरदार. पण तोंडानं मागा. खलित्याला वेळ नाही, वाटी बुडतेय!”

ढालपाटलांनी घसा खाकरला. अकरा महिन्यांचा गंज चढलेला! “तु... तुरेकर, हातोडी!”

“आधी खिळे!”

“खिळे घ्या, पण बोट सोडा माझं!”

आणि काय सांगावं, एकदा तोंडं उघडली ती मिटेचनात. “अहो, करवत इकडं!” “सामता गेला कुठं?” “माझ्यावर बसलात तुम्ही!” एकानं चाकं इतकी रंधली की ती चौकोनी झाली. दुसऱ्यानं चाकं वरच्या बाजूला ठोकली. “खाली मळतात,” म्हणाला. ढालपाटलांच्या पागोट्याचं टोक खिळ्यात सापडून गाड्याला जडलं, आणि आता ते मान हलवतील तिकडं गाडा जायला लागला! तुरेकर पोट धरून हसले. अकरा महिन्यांनी ढालपाटीलही हसले.

“आता पळा!” आवडी म्हणाली.

खळ्याच्या मधोमध तिवडा होता, म्हणजे मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब. आवडीनं पाचही गाड्यांना सारखीच लांब दावी लावली आणि दुसरी टोकं तिवड्याला करकचून आवळली. गाडे गोलावर सारख्या अंतरानं उभे केले.

बघणारा एक म्हातारा शेतकरी कळवळला. “अगं पोरी, दावं असं आवळतात होय? सैल कडं ठेवावं तिवड्याला! गुंडाळत जाईल ना!”

“गुंडाळू दे, बाबा.”

पाचही सरदार आपापला गाडा ओढत, धोतरं सावरत गोल गोल धावू लागले.

“पुढं कोण?” महाराज उंच बैठकीवरून ओरडले.

“तुरेकर माझ्या पुढं!” ढालपाटील म्हणाले.

“छे, महाराज! ढालपाटलांना गाठायला तर मी पळतोय!” तुरेकर म्हणाले.

पळता पळता दावी तिवड्याला गुंडाळत गेली. वेढ्यागणिक दावं आखूड, गोल लहान. शेवटी दावी संपली आणि पाच गाडे तिवड्याला एकाच वेळी खाडकन आपटले! पाठोपाठ पाच कपाळं! सरदार एकमेकांच्या गळ्यात पडून हसत बसले, आणि घंगाळातली वाटी बुडूक करून बुडाली.

महाराज खाली उतरले. गाडे निरखले. तसूभरही मागं कोणी नव्हता. पण ते हटले नाहीत. “आणि विजेता? पाचही एकदम आले, मग पहिला कोण?”

“या जागी सगळ्यांच्या आधी कोण पोचलं होतं, महाराज?”

“इथं? इथं तर हा तिवडाच होता!”

“मग तोच पहिला.”

“तो? अगं, तो जागचा हलला तरी का?”

आवडीनं पदर सावरला. “महाराज, स्वतः जागचं न हलता या पाच सरदारांना घाम फुटेपर्यंत पळवणारा साऱ्या वेळूगडात आणखी एकच आहे. त्यांच्यापुढं हरल्यावर आजवर कोणता सरदार रुसलाय?”

सरदारांनी महाराजांकडं पाहिलं, मग तिवड्याकडं, मग पुन्हा महाराजांकडं. महाराजांची मिशी एकदा थरथरली, दुसऱ्यांदा थरथरली, आणि ते असे हसले की त्यांना तिवड्याचाच आधार घ्यावा लागला!

“रखमाजी! घे तुझी थैली! आणि पोरी, हे तुला,” म्हणत त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं.

विजेत्याच्या डोक्यावर चढवायचा जरीचा मंदिल मानानं तिवड्याला बांधला गेला. पाचही सरदारांनी रांगेत उभं राहून त्याला मुजरा केला. ढालपाटलांनी तर दोनदा केला, कारण वाकले की पागोट्याला जडलेला गाडा खाली जायचा, आणि गाडा खाली गेला की तेही परत वाकायचे!