खालचे घरटे

त्या रानात कुणाचे घरटे स्वतःचे आणि कुणाचे चोरलेले, हे तळे ठरवत असे. पूर्वी हे काम म्हाताऱ्या शिंपिणींकडे होते. पाने शिवून घरटी करणाऱ्या शिंपी पाखरांची शाळा संपत आली, की त्या प्रत्येक घरट्यात स्वतः बसून बघत, चोचीने टाका ओढून बघत, आणि मगच हिला अंडी घालू द्या म्हणून सांगत. पुढे पाखरे वाढली, म्हाताऱ्या थकल्या, आणि तळ्यात सगळेच दिसते हे कुणाच्या तरी लक्षात आले. तेव्हापासून कायदा झाला, की जे घरटे तळ्यात आधीच आहे, ते वर टांगणारी चोर. हे तपासायला काठावरच्या दगडावर एक बगळा नेमला गेला. तो एका पायावर उभा राहून एकदा वर पाही, एकदा खाली पाही. काम झटपट होई, त्यामुळे कायद्यावर कुणी फार डोके चालवले नाही.

बहुतेकींची घरटी निभावून जात. घाईघाईत शिवलेली, दोन टाके इकडे, दोन तिकडे. ती जराशा झुळकीने लटपटत आणि पाण्यात नुसता हिरवा गोंधळ दिसे. बगळा म्हणे, "अस्सल," आणि पानावर ओल्या मातीचा ठिपका लावी.

बारकी त्यांच्यातली नव्हती. बरोबरीच्या साऱ्याजणींत अंगाने लहान म्हणून तिला बारकी म्हणत, पण टाक्याच्या बाबतीत ती भलती हट्टी होती. उंबराची तीन पाने जोडायला तिने एकोणीस दिवस घेतले. पान जरा फाटले की ती नवे घेई. सावरीचा कापूस पिळून दोरा करताना तिच्या चोचीच्या टोकाला चीर गेली, तरी ती थांबली नाही. तिला शिकवणाऱ्या साळुंकीबाई रोज येऊन बघत आणि आता पुरे कर गं, असे म्हणून जात. शेवटी घरटे इतके घट्ट झाले, की वारा सुटला तरी त्याची कड हलेना.

पाहणीच्या सकाळी वारा पडला होता. बगळ्याने वर पाहिले, खाली पाहिले, मान वाकडी करून पुन्हा खाली पाहिले. तळ्यात तेच घरटे होते, टाक्याला टाका आणि गाठीला गाठ.

"चोरलंय," बगळा म्हणाला. "मूळ घरटं खाली उलटं आहे. हिने ते सुलटं करून टांगलं. लबाडी लपवायची ही जुनी तऱ्हा आहे."

ठिपका नाही तर अंडी नाहीत, आणि हंगाम काही बारकीसाठी थांबणार नव्हता. तिने धावपळ करून टाकून दिलेली फाटकी पाने गोळा करून आणली आणि बगळ्यापुढे मांडली. नक्कल साधायला हिला किती खटपट करावी लागली ते यावरून दिसते, असे बगळ्याने सांगितले. चोचीची चीर पाहायला तो वाकलाच नाही. मग साळुंकीबाईंना पुढे बोलावले. त्यांच्या स्वतःच्या ढोलीवरही त्याच बगळ्याचा ठिपका होता. त्या म्हणाल्या की मुलगी शिवताना त्यांनी रोज पाहिली, पण ती कुठे बघून शिवत होती ते त्या कशा सांगणार.

बारकी बगळ्याच्या दगडाजवळ येऊन बसली.

"गुरुजी, खालचं घरटं कुणाचं आहे?" तिने विचारले. "जिचं असेल तिला बोलवा. ती म्हणाली की मी चोरलं, तर मी कबूल करते."

काठावर थोडी कुजबुज झाली. तळे नावे सांगत नाही, असे बगळ्याने बजावले. आणि जिचे चोरीला गेले ती वर यायलासुद्धा तयार नाही, म्हणजे तिला केवढा धक्का बसला असेल, याचाही विचार व्हावा.

बारकी मागे हटेना. तुमच्या डोळ्यांदेखत शिवून दाखवते, म्हणाली, आणि शेजारच्या फांदीवर नवी पाने ओढून बसली. तिने पहिला टाका घातला, खाली पहिला टाका पडला. तिने दुसरा घातला, खाली दुसरा पडला. जमलेली पाखरे कधी वर, कधी खाली पाहू लागली.

"बघा," बगळा म्हणाला. "माझ्यासमोरसुद्धा एकेक टाका बघून घेते आहे."

घरटे तोडायचा हुकूम झाला. देठ कुरतडला गेला, तीन पाने पाण्यात पडली, आणि तरंग विरल्यावर पाहतात तो खालचे घरटेही नाहीसे झाले होते. आता पुरावा नष्ट केल्याचा दुसरा आरोप बारकीवर आला. तो हंगाम तिने गवतात काढला.

पुढच्या वर्षी शाळेत शिवण वेगळी झाली. साळुंकीबाई दर तिसरा टाका सोडायला शिकवू लागल्या. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. बारकीच्या आईने तिला जवळ घेतले. "सोड बाई एखादा टाका. सगळ्या सोडतात," ती म्हणाली. बारकीने सोडला. दोरा त्या भोकाशी आला की तिची चोच आपोआप पुढे जाई, आणि ती बळेच मागे घ्यावी लागे. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

पाहणीच्या दिवशी पहाटेच तिचे पहिले अंडे झाले. अंडे काही ठिपक्यासाठी अडून राहत नाही. ती त्याच्यावर बसून राहिली. नेमका त्याही दिवशी वारा पडला. सैल शिवलेले घरटेसुद्धा निश्चल लोंबत राहिले, आणि बगळ्याने खाली पाहिले तेव्हा तळ्यात दुसरे घरटे हळूहळू स्पष्ट होत होते. त्याची मान वाकडी झाली. बारकी भीतीने अंग चोरून मागे सरकली.

पोटाखालची ऊब निसटली. सोडलेल्या टाक्यातून अंडे खाली गेले आणि पाण्यात डुबुक आवाज झाला. वर्तुळे पसरली, खालचे घरटे थरथरले, तुटले आणि हिरव्या गोंधळात मिसळून गेले.

बगळ्याने मान सरळ केली.

"अस्सल," तो म्हणाला, आणि चोचीत ओली माती घेऊन वर आला.