वानराची खपली

एका डोंगराळ जंगलात वानरांची एक टोळी नांदत असे. त्या टोळीतल्या एका तरण्या वानराला आपल्या मांड्यांचा भारी गर्व होता. "या मांड्या आहेत म्हणून मी आहे! बाकी अंग म्हणजे नुसतं ओझं," असे तो येता-जाता सांगायचा. एकदा फांदी मोडून तो खाली आपटला आणि एका खुंटाने मांडीची कातडी फाटली. जखमेवर खपली धरली, ती त्याने उपटून काढली. दुसरी धरली, तीही काढली. वानरच तो, हात गप्प बसतात थोडेच! शिवाय विचारपूस करायला येणारा प्रत्येक जण जखमेत बोट घालून बघायचा. सारे प्रेमापोटीच हो! जखम मात्र चिघळत गेली.

उन्हाळा वाढला, झरा आटू लागला. म्होरक्या म्हणाला, "पाणी संपलं की दरीपलीकडे जायचं. ज्याला उडी झेपणार नाही, त्याला मागे राहावं लागेल." मागे राहायचे म्हणजे बिबट्याच्या तोंडी जायचे. वानर झऱ्याकाठी रडत बसला. तिथल्या कपारीत एक म्हातारी घोरपड राहायची. तिला तो म्हणाला, "आजी, मांड्यांनी दगा दिला गं!"

"मांड्यांना कशाला बोल लावतोस?" घोरपड म्हणाली. "त्या धडधाकट आहेत. त्यांना हाडांशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्याही शाबूत आहेत. फाटलीय ती कातडी. रक्ताने गोठून तिच्यावर झाकण घातलं, त्याखाली नवी कातडी धरू लागली, आणि तू रोज झाकण उचकटतोस!"

"पण ठणका किती लागतो!"

"मज्जातंतू ओरडून सांगतायत, हात लावू नकोस म्हणून. ऐक की जरा त्यांचं!"

वानर ओशाळला. ज्यांना आपण ओझे म्हणत होतो, ती सगळी मंडळी बिनबोभाट आपल्यासाठीच राबत होती! मुलांनो, या मंडळींना ऊती म्हणतात. झाकणारी अभिस्तर ऊती, जोडणारी संयोजी ऊती, रक्तही तिच्यातलेच. हालचाल करवणारी स्नायू ऊती आणि निरोप पोचवणारी चेता ऊती. तुमच्याही अंगात याच चार आहेत बरे! त्या दिवसापासून वानर हात काखेत दाबून बसू लागला. खाज सुटली की डोळ्यांत पाणी यायचे, पण बोट लावायचा नाही. कोणी जखम बघायला आलाच, तर त्याच्यावर दात विचकायचा.

अखेर पाणी संपले. टोळी दरीच्या कडेला आली आणि वानराने उडी घेतली. मांड्यांनी जोर लावला, दोऱ्यांनी हाडे सोडली नाहीत, डोळ्यांनी हेरलेली फांदी मज्जातंतूंनी क्षणात हातांना कळवली. नवी कोवळी कातडी ताणली गेली, पण उसवली नाही. पलीकडे पोचताच दोस्त ओरडले, "काय मांड्या आहेत लेकाच्या!"

"मांड्या आहेतच," वानर म्हणाला, "पण आज मला या कातडीने इथवर आणलं." त्याने जखमेच्या जागी हलकेच हात ठेवला. त्याला भरून आले. त्या कातडीचे, रक्ताचे, अगदी त्या ठणक्याचेसुद्धा उपकार कसे फेडावेत, ते त्याला कळेना.

तात्पर्य : शरीराचा प्रत्येक भाग न सांगता आपल्यासाठी राबत असतो, त्याचे उपकार मानावेत आणि त्याला त्याचे काम करू द्यावे.