नऊ कारखाने, एक ईमेल

एका गावात एक मुलगी खूप लांबून शिकून परत आली. तिचे नाव शलाका. गावातल्या लेझीम आळीत ती लहानाची मोठी झाली होती. परतताना तिला वाटले होते, आळीतल्या एकुलत्या एक संगणकावर धूळ बसली असेल, लोक त्याला हात लावायला भीत असतील, आणि आपण जाताच सगळे आपल्याभोवती गोळा होतील. प्रत्यक्षात संगणक लखलखीत पुसलेला होता. तो तालमीच्या ओसरीवर ठेवलेला होता आणि त्याच्यापुढे सहा माणसे रांगेत उभी होती. शलाका सरळ पुढे गेली. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तिला हाताने अडवले.

"चप्पल बाहेर, पोरी. आणि नंबर माझ्यामागं."

हे भिवाअण्णा. आळीतले सगळ्यात जुने कारागीर. चाळीस वर्षे लेझिमीचे दांडे तासून त्यांचे तळहात दांड्यांसारखेच गुळगुळीत झाले होते.

आळीत लेझिमीचे नऊ कारखाने होते. लांबलांबच्या शाळा आणि मंडळे त्यांच्याकडे ईमेलने मागणी पाठवत. पण नऊ कारखान्यांचा ईमेल पत्ता मात्र एकच होता. बारा वर्षांपूर्वी तो एक उघडायला दोन दिवस लागले होते. आणखी आठ उघडायची कोणाची छाती झाली नाही. पासवर्ड पाळण्यातली पोरे सोडून सगळ्यांना पाठ होता.

शलाकाला हे भलतेच वाटले. तिने शेजारच्या हौसाकाकूंना विचारले. काकू नवऱ्यामागे कारखाना चालवत होत्या आणि भिवाअण्णांशी त्यांची जुनी चुरस होती.

"काकू, धंदा एकच, ईमेलची पेटी एकच. कोणी कोणाचं गिऱ्हाईक पळवत नाही?"

"पळवायचंच असेल तर पेटी कशाला लागते?" काकू म्हणाल्या. "दारं उघडीच असतात की सगळ्यांची."

मग त्यांनी तिला आळीचा नियम सांगितला. आलेले नवे पत्र ठळक अक्षरांत दिसते. कोणी ते उघडले की अक्षरे बारीक होतात, आणि खऱ्या मालकाला वाटते, हे जुनेच. म्हणून दुसऱ्याचे पत्र चुकून उघडले, तर ते पुन्हा 'न वाचलेले' करून ठेवायचे आणि त्याच्या दारात जाऊन सांगायचे. आळीत त्याला म्हणच पडली होती: वाचलं तर झाक, झाकलं की हाक. बारा वर्षांत एकही मागणी चुकीच्या घरी गेली नव्हती.

शलाकाने आणखीही पाहिले. एका सकाळी पेटी उघडेना. पडद्यावर नुसती इंग्रजी तक्रार. शलाका लांबलचक उपाय आठवू लागली. भिवाअण्णांनी चष्मा वर केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवले. संगणक अकरा वर्षे मागे गेला होता.

"ह्याच्या पोटात बटणाएवढा सेल असतो," ते म्हणाले. "तो संपला की हा वर्ष विसरतो. आणि वर्ष विसरलेल्याला पेटी आत घेत नाही. मागं एकदा आठ दिवस घालवून मला हे कळलं."

त्यांनी संगणक बंद केला, वायर काढली, सेल बदलला, तारीख लावली. पेटी उघडली. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. बिघडले की आधी वायर पाहायची, मग तारीख, मग पेटी भरली आहे का ते पाहायचे, असा क्रम आळीने चुका करकरून बसवला होता. शलाकाला वाटले, आपण जे वर्गात बसून शिकलो, ते ही माणसे रांगेत उभी राहून शिकली आहेत. तिला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांच्यासाठी आपणही काहीतरी करावे, असे तिला मनापासून वाटू लागले.

करण्यासारखे एक काम होते. पेटीत रोज लॉटरीवाल्यांची ढीगभर पत्रे येत. तुम्हाला बक्षीस लागले, अमुक खात्याचा नंबर कळवा, असली. ती निवडून फेकण्यात माणसांचा अर्धा वेळ जाई. एका दुपारी ओसरीवर कोणी नसताना शलाका बसली आणि पेटीला तिने एक कायमची सूचना देऊन ठेवली. ज्या पत्रात 'बक्षीस' हा शब्द असेल, मराठीत किंवा इंग्रजीत, ते न दाखवता थेट कचऱ्याच्या खणात टाकायचे. तिने कोणाला विचारले नाही आणि सांगितलेही नाही. लोकांना आपोआप सुख मिळावे, अशी तिची इच्छा होती.

सुख मिळालेही. "लॉटरीवाले दमलेले दिसतात हल्ली," असे रांगेत लोक म्हणू लागले. शलाका मनात हसली.

जवळजवळ चार आठवडे गेले. एक दिवस हौसाकाकूंना त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, एका मुलींच्या शाळेचा, फोन आला. शाळेच्या बाई रागावल्या होत्या. आम्ही लेझिमींसाठी मेल केला, तुम्ही उत्तर दिले नाही, म्हणून आम्ही दुसऱ्या गावच्या माणसाला काम दिले.

काकू तडक ओसरीवर आल्या. शाळेचे नाव घालून त्यांनी पेटीत शोधले. काही सापडले नाही. पेटीत शोधताना कचऱ्याच्या खणात शोधले जात नाही, हे आळीला माहीत नव्हते. तशी कधी गरजच पडली नव्हती.

"भल्या सकाळी पहिली पेटी कोण उघडतं?" काकूंनी सगळ्यांसमोर विचारले.

पहिली पेटी भिवाअण्णाच उघडत, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्या दारात त्या आठवड्यात नव्या दांड्यांची रासही पडली होती.

"मी तुझं पत्र पाहिलं नाही, हौसा."

"पाहिलं नाही, का पुसलं?"

आळीत असा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारला नव्हता. अण्णांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "खरं सापडेपर्यंत मी पेटीला हात लावणार नाही." त्यांनी चप्पल घातली आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही आले नाहीत. त्यांच्या नावाची पत्रे पेटीत ठळक अक्षरांत तशीच पडून राहिली. ती कोणी उघडली नाहीत, पण अण्णांच्या दारात जाऊन हाकही कोणी मारली नाही. चाळीस वर्षांचे नाव तीन दिवसांत वाळून चालले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसाकाकूंनी शलाकाला बोलावले. "तू शिकलेली आहेस. छडा लाव."

शलाका संगणकापुढे बसली. आतून तिलाही वाटत होते, अखेर कोणीतरी मोहात पडलेच. तिने एकेक खण उघडला. कचऱ्याच्या खणात गेली आणि तिथेच थांबली. शाळेचे पत्र वर तोंड करून पडले होते. पहिलीच ओळ होती: गेल्या वर्षी तुमच्या लेझिमींवर आमच्या मुलींना जिल्ह्यात पहिले बक्षीस मिळाले, म्हणून यंदाही तुमच्याचकडून घ्यायच्या आहेत.

तिने खाली पाहिले. अशी सात पत्रे होती. लेझीम म्हटली की स्पर्धा आली आणि स्पर्धा म्हटली की बक्षीस आले. हे आळीतल्या कोणालाही तिने एका शब्दाने विचारले असते, तरी त्याने सांगितले असते. सातांतली दोन पत्रे खुद्द भिवाअण्णांची होती. कचऱ्यातले पत्र तीस दिवसांनी कायमचे जाते. सगळ्यात जुन्या पत्राचा तो सत्ताविसावा दिवस होता.

तिने सातही पत्रे उचलून पेटीत परत ठेवली, 'न वाचलेली' केली आणि आपली सूचना काढून टाकली. आता बिघाड कुठेच उरला नव्हता. कोणाला काही कळायचे कारणही नव्हते. नेट बंद होते, पत्रे उशिरा आली, एवढे म्हटले की आळीने विश्वास ठेवला असता. नेटवर खापर फोडणे कोणाला अवघड जात नाही.

ती तशीच भिवाअण्णांकडे गेली. ते अंगणात दांडे तासत बसले होते. तिने सगळे सांगितले. अण्णांनी रंधा खाली ठेवला.

"माझी पण दोन?" त्यांनी विचारले.

"हो, अण्णा."

"म्हणजे मी माझ्याच पत्रांचा चोर!" ते खो खो हसले. मग गंभीर झाले. "हे बघ, हौसाची मागणी गेली ती गेली. तू सांगितलंस म्हणून ती परत येणार आहे का? मी सांगतो, म्हाताऱ्याच्या हातून चुकून पुसलं गेलं, डोळ्यांवर चष्मा नव्हता. म्हाताऱ्याला लोक माफ करतात."

"पण तुमची चूक नाहीये!"

"नसू दे. माझं आयुष्य झालं. तुझं इथं अजून सुरूही झालेलं नाही. शिकायला गेलेलं एक पोर परत येत नाही ह्या आळीत. तू आलीस. उद्या हौसा तुला चार शब्द बोलली आणि तू गेलीस, तर त्या संगणकाचा सेल माझ्यामागं कोण बदलणार?"

ज्या माणसाचे नाव शलाकामुळे गेले, तोच माणूस ते नाव तिला देऊन टाकायला निघाला होता. इतक्या मोठ्या शाळांत ती शिकली, पण असा मोठेपणा तिने कुठे पाहिला नव्हता. घरी जाताना तिचे एक मन म्हणत होते, अण्णा स्वतःहून देतात तर घे. तू इथे राहिलीस तर सगळ्यांचे भलेच होईल. दुसरे मन विचारत होते, दुसऱ्याचे नाव खर्चून राहायचे, तर परत कशाला आलीस?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी अण्णांच्या दारात गेली. "चला, अण्णा, पेटी उघडायला," ती म्हणाली. ते नको नको म्हणत होते, तरी ती त्यांना हाताला धरून ओसरीवर घेऊन आली. रांगेतली माणसे वळून पाहू लागली. हौसाकाकूंनी तोंड फिरवले. अण्णा शलाकाच्या कानाशी म्हणाले, "मी बोलतो, तू गप्प राहा."

पण शलाकाचे ठरले होते. ती अण्णांच्या पुढे येऊन उभी राहिली.

"काकू, इकडं बघा," ती म्हणाली. "तुमचं पत्र अण्णांनी पुसलं नाही. ते मी फेकलं."

तात्पर्य: ज्यांचे काम सोपे करायचे, त्यांना आधी विचारावे, आणि आपल्या हातून बिघाड झालाच, तर नुसता बिघाड दुरुस्त करून थांबू नये, ज्याच्यावर त्याचा आळ आला त्याचे नावही सर्वांसमोर परत करावे.