तळ्याचा मालक

एका जंगलात, तळ्याच्या काठी, एक हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. उन्हाळ्यात तळं आटलं की तिथे एक जुनी रीत होती. आधी पिल्लांनी पाणी प्यायचं, मग मोठ्यांनी, आणि चिखलात लोळणाऱ्यांनी सर्वांत शेवटी उतरायचं. मुलांनो, ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. पण तिच्या जिवावर सारं रान उन्हाळा काढत होतं.

एकदा रानडुक्कर पहाटेच जाऊन लोळलं आणि पाणी गढूळ झालं. हरिणीने म्हाताऱ्या कासवाकडे दाद मागितली. कासव डुकराला म्हणालं, "काठाशी खड्डा उकरून दे, बाबा. नितळ पाणी झिरपेल, पाडस पिईल. मग खुशाल लोळ."

डुक्कर फुरंगटलं. "मी नव्या न्यायासनाकडे जातो," ते म्हणालं.

हे न्यायासन समुद्रापलीकडून आलेल्या एका घोड्याने मांडलं होतं. रानातल्यांना न्याय ठाऊक नाही, तो शिकवायला आपण आलो, असं तो सांगे. याला बोलावलं होतं कोणी? पण पदरी शिकारी कुत्रे असल्यावर विचारणार कोण?

घोड्याने विचारलं, "तळं कोणाच्या मालकीचं?"

"सगळ्यांचं," हरिणी म्हणाली. डुकरानेही मान हलवली. त्या गोष्टीवर त्यांचं भांडण नव्हतंच.

"मग 'सगळे' नावाचा प्राणी हजर करा."

"सरकार, आम्ही सगळे इथेच तर उभे आहोत," कासव म्हणालं.

"ही गर्दी झाली. मला एक मालक हवा. मालक नाही, म्हणजे तळं बेवारस. आणि बेवारस ते सरकारजमा." असा निकाल देऊन घोड्याने तळ्याभोवती कुत्रे बसवले.

दुपारी पाडसाला राहवेना. त्याने पाण्याला तोंड लावलं, तोच कुत्र्यांनी त्याला धरलं. डुक्कर कळवळून म्हणालं, "सोडा त्याला. मी खड्डा उकरून देतो." पण सरकारी जमीन उकरणं हाही आता गुन्हा होता.

त्या रानात तोवर चोर नव्हता. नव्या न्यायाने पहिला चोर पकडला, तो एक तहानलेलं पाडस. आणि याला म्हणे सुधारणा म्हणायचं. घोडा सावकाश जेवून न्यायासनावर येईपर्यंत पाडस पाण्यापासून हातभर अंतरावर तहानेने मरून पडलं होतं.

तात्पर्य : तंटा सोडवायला बसून जो आधी मालकी विचारतो, तो न्याय द्यायला नव्हे, काही घ्यायला आलेला असतो.